पंच (ठिबक सिंचन)

ठिबकच्या नळीला ड्रिपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणारे तोंड, बसवण्यासाठी भोक पाडणारे हातातले हत्यार. मुठीत मावणारा दांडा आणि टोकाला पोलादी अणी, एवढाच त्याचा पसारा. सुताराचे गिरमिट, चांभाराची आरी, पोती शिवायचा दाभण ही टोचण्याची हत्यारे खानदेशात जुनीच आहेत. पंच त्यांतला सर्वांत नवा. जळगावातून पिंप्राळ्यावरून धुळ्याकडे निघाले की बांभोरीला जैन उद्योगाचे प्लॅस्टिक पार्क लागते. भवरलाल जैन (1937–2016) यांच्या या उद्योगाने 1980 मध्ये पीव्हीसी पाइप आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक संच करायला घेतले. इस्राएलमध्ये सिम्हा ब्लास यांच्या ठिबकच्या कल्पनेवर हात्झेरीम किबुत्झात नेटाफिम कंपनी 1965 मध्येच उभी राहिली होती. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबक रुजले आणि त्याच्यासोबत पंचही घरोघरी गेला.

भोक ड्रिपरच्या खाचेदार शेपटीपेक्षा किंचित लहान हवे. शेपटी आत रेटली की पॉलिथिलीनची नळी तिला चहूबाजूंनी आवळते. वायसर लागत नाही, गोंद लागत नाही. खिळा तापवून किंवा दाभणाने पाडलेले भोक वेडेवाकडे वितळते वा फाटते, मग तिथून पाणी झिरपते आणि दाब वाढला की ड्रिपर उडून जातो. म्हणून जाणता माणूस आधी नळीत पाणी सोडतो. फुगलेल्या नळीवर पंच सरळ बसतो. चपटलेल्या नळीवर जोर लावला तर अणी पलीकडची भिंतही फोडते. चुकलेले भोक बुजवायला छोटा प्लग मिळतो, पण तो जितका कमी लागेल तितका कारागीर चांगला.

उन्हाचा हिशेब खानदेशात वेगळा ठेवावा लागतो. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा दुपारी नळी तापून लांबते. त्या वेळी ताणून अंथरली आणि लगेच टोचली, तर रात्री ती आखडते आणि भोके झाडांच्या बुंध्यांपासून सरकतात. दीड मीटरवर लावलेल्या केळीत हे सरकणे ओळीच्या शेवटी चांगलेच डोळ्यांत भरते. उपाय साधा आहे: नळी थोडी सैल सोडायची आणि टोचायचे ते निवल्यावर.

उपनळीला, म्हणजे पीव्हीसी पाइपला, पंच चालत नाही. तिथे ड्रिल लागते. भोकात ग्रोमेट, म्हणजे रबरी कडे, बसवून त्यात ठिबकची नळी जोडायचा टेक-ऑफ ठोकतात. टेक-ऑफमुळे रबर फुगते आणि सांधा बंद होतो. ड्रिलचे पाते ग्रोमेटच्या मापाचेच हवे आणि हात सरळ. तिरपे ड्रिल लंबगोल भोक पाडते, त्यात कोणतेही ग्रोमेट टिकत नाही. भोकाच्या काठावरचा कीस काढून पाइप पाण्याने धुऊन घेतला नाही, तर तोच कीस पुढे ड्रिपरमध्ये अडकतो. सगळ्यांत घाईने उरकले जाणारे आणि सगळ्यांत महागात पडणारे काम हेच.

इनलाइन नळीने पंचाचे काम बरेच घटवले. तिच्यात ड्रिपर नळी घडवतानाच आतल्या भिंतीला चिकटवलेला असतो आणि त्यावर भोकही कारखान्यातच पडते, 30, 40, 60 सेंटिमीटर अशा ठरावीक अंतरांवर. कपाशीसारख्या दाट ओळींना ते सोयीचे. फळबागेत मात्र झाडे मोजूनच पाणी द्यायचे असते. झाड मोठे झाले की ड्रिपर वाढवायचेही असतात. तिथे पंच अजून हातात आहे.

वाफ्यावर अंथरायच्या मल्चिंग पेपरचे टोचणे निराळे. सुमारे 25 मायक्रॉनच्या त्या फिल्मला रोपासाठी गोल भोके लागतात; कडेला धार लावलेला लोखंडी पाइपचा तुकडा किंवा तापवलेला डबा त्यासाठी वापरतात. भोकाची कड तापून वितळली की फिल्म पुढे फाटत नाही, हा डब्याचा फायदा.

न मागता पडणारी भोके उंदीर आणि खारींची. कुरतडलेला तुकडा कापून जॉइनरने नळी जोडतात. ड्रिपरच्या शेजारीच कुरतडलेले असेल, तर तिथे नवा ड्रिपर बसवायला पुन्हा पंच काढावा लागतो.