दहशतवादाच्या व्याख्येत धर्माचा उल्लेख असावा का?

नवी दिल्ली : दहशतवादी कृत्याची व्याख्या करताना त्यामागील धार्मिक प्रेरणेचा उल्लेख कायद्यात असावा का, या प्रश्नाला लोकशाही देशांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने असा उल्लेख केला आहे. भारताने तो टाळला आहे.

ब्रिटनच्या २००० च्या कायद्यानुसार संबंधित कृत्य राजकीय, धार्मिक किंवा वैचारिक ध्येय पुढे नेण्यासाठी केलेले असावे लागते. २००८ मध्ये त्यात ‘वांशिक’ हा शब्द जोडण्यात आला. कॅनडाने २००१ मध्ये, तर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडने २००२ मध्ये याच धर्तीची अट स्वीकारली. या कायद्यांत कोणत्याही विशिष्ट धर्माचे नाव नाही. खंडणी, टोळीयुद्ध किंवा वैयक्तिक सूड यांपासून दहशतवाद वेगळा ठरावा, हा या अटीच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद आहे.

प्रेरणा सिद्ध करायची तर आरोपीच्या श्रद्धेचा शोध घ्यावा लागतो आणि संशयाची छाया त्याच्या संपूर्ण समाजावर पडते, असा विरोधकांचा आक्षेप आहे. कॅनडातील ख्वाजा खटल्यात हाच मुद्दा उपस्थित झाला. २००६ मध्ये ओंटारियोतील न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली. मात्र, डिसेंबर २०१२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने वैध ठरवली. केवळ धार्मिक वा राजकीय मत व्यक्त करणे हे दहशतवादी कृत्य नव्हे, असे त्या कायद्यातच स्पष्ट केले आहे, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. पोलिसांनी पूर्वग्रहातून कारवाई केल्यास तो दोष कायद्याचा नसून अंमलबजावणीचा आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

भारताच्या बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंधक) अधिनियम, १९६७ अर्थात ‘यूएपीए’च्या कलम १५ मध्ये प्रेरणेची अट नाही. देशाची एकता, अखंडता, सुरक्षा, आर्थिक सुरक्षा किंवा सार्वभौमत्व धोक्यात आणण्याचा अथवा लोकांमध्ये दहशत निर्माण करण्याचा उद्देश, किंवा तसे घडण्याची शक्यता, हा तेथील निकष आहे. धर्माच्या आधारे शत्रुत्व वाढवण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये स्वतंत्रपणे नोंदवला आहे.

या रचनेमुळे अभियोग पक्षावर आरोपीची श्रद्धा सिद्ध करण्याचा भार येत नाही. परंतु प्रेरणेची चाळणी नसल्याने व्याख्येची व्याप्ती वाढते. कलम ४३ड(५) मधील जामिनाच्या कठोर अटींमुळे या व्याप्तीचे परिणाम खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच आरोपीला भोगावे लागू शकतात. शिवाय, व्याख्येत धर्माचा उल्लेख नसला तरी प्रेरणा पुरावा म्हणून न्यायालयासमोर येऊ शकते.

त्यामुळे केवळ एक शब्द घालून किंवा वगळून हा प्रश्न सुटत नाही. श्रद्धा आणि मतप्रदर्शन यांना स्पष्ट कायदेशीर संरक्षण आहे का आणि तपासावर न्यायालयाची वेळेत देखरेख राहते का, यावर नागरिकांची सुरक्षितता अधिक अवलंबून आहे.