शिर्डीतील ऐतिहासिक वास्तू

शिर्डी हे महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील तीर्थक्षेत्र आहे. एकोणिसाव्या शतकात ते शेतीवर जगणारे लहानसे खेडे होते. आज साईबाबांची पूजास्थाने म्हणून ओळखली जाणारी येथील प्रमुख स्थळे मुळात वेगळ्याच कामांसाठी उभारलेली होती.

द्वारकामाई
ही गावातील जुनी, पडकी मशीद. साईबाबा येथे अखेरपर्यंत राहिले. त्यांनी पेटवलेली धुनी आजही अखंड तेवत ठेवली जाते.

चावडी
मशिदीजवळची ही वास्तू गावच्या कारभाराची जागा होती. १९०९ पासून साईबाबा एक दिवसाआड रात्री येथे झोपत.

समाधी मंदिर
नागपूरचे धनिक गोपाळराव बुटी यांनी हा दगडी वाडा बांधला. त्यात मुरलीधराची मूर्ती बसवण्याचा त्यांचा मानस होता. परंतु १५ ऑक्टोबर १९१८ रोजी साईबाबांचे निधन झाले आणि त्याच जागी त्यांची समाधी झाली. बाळाजी वसंत तालीम यांनी घडवलेली संगमरवरी मूर्ती १९५४ मध्ये तेथे बसवण्यात आली.

खंडोबा मंदिर
हे गावाचे जुने मंदिर. येथील पुजारी म्हाळसापती यांनी साईबाबांना प्रथम ‘साई’ या नावाने हाक मारली, असे परंपरा सांगते.