बायस म्हणजे नेमकं काय? एका तिरप्या शब्दाची गोष्ट

आजचा भाग एकाच शब्दावर आहे: बायस.

इंजिनिअरिंगला असताना सर म्हणाले, "ट्रान्झिस्टरला आधी बायस द्या, मगच तो नीट काम करेल." मी चक्रावलो. बातम्यांमध्ये तर बायस म्हणजे पक्षपात! तो मुद्दाम कशाला द्यायचा?

उत्तर घरातच होतं. आई ब्लाउज शिवते. गळ्याची पट्टी ती कापडावर तिरपी कापते, म्हणजे ती ताणली जाते आणि गोलाईवर छान बसते. आपण तिला उरेब पट्टी म्हणतो. इंग्रजीत त्या तिरप्या दिशेलाच बायस म्हणतात.

मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही तिरपा असाच. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला. तिथल्या बोल्स या खेळात चेंडू मुद्दाम एकीकडे झुकता बनवत, म्हणजे तो वळत जाई. तोही बायसच. पुढे मनाच्या कलालाही हाच शब्द चिकटला.

ट्रान्झिस्टरचा बायस म्हणजे त्याला कामासाठी तयार ठेवणारं स्थिर व्होल्टेज. न्यूरल नेटवर्कमध्ये तो बेरजेत मिळवलेला एक आकडा असतो. दोन्हीकडे तो हवाच असतो.

संख्याशास्त्रात मात्र बायस म्हणजे सतत एकाच दिशेला होणारी चूक. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' मासिकानं सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या. अंदाज निघाला: लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट जिंकले, लँडनना फक्त २ राज्यं मिळाली! कारण पत्ते बरेचसे टेलिफोन डिरेक्टरी आणि गाड्यांच्या नोंदींमधले, म्हणजे मंदीच्या काळातही बऱ्या स्थितीतल्या लोकांचे. शिवाय उत्तरं पाठवली ती काहींनीच.

१९७४ मध्ये ट्वर्स्की आणि कानेमन यांनी दाखवलं की आपलं डोकंही असंच ठरावीक दिशेनं चुकतं. जे पटकन आठवतं, तेच जास्त वेळा घडतं असं आपल्याला वाटतं.

हे सगळं आज का सांगतोय? उद्या तुमचा नोकरीचा अर्ज एखादं एआय चाळेल. ते बायस्ड आहे अशी तक्रार झाली आणि कंपनी म्हणाली, "अजून डेटा घालतो", तर १९३६ आठवा. डेटा कमी नव्हता, तिरपा होता. तेव्हा विचारायचं ते एवढंच: यात कोण आलं आणि कोण सुटलं?