सोळा दिवसांत बदललेला कायदा

निवडणूक लागली की प्रत्येक जिल्ह्यात प्रशासन एक दरपत्रक ठरवतं. चहाचा कप किती, वडापाव किती, प्लास्टिकची खुर्ची किती, मांडव किती, लाउडस्पीकर किती. उमेदवाराने सभा घेतली की निरीक्षकांची माणसं कॅमेरा घेऊन पोचतात, खुर्च्या मोजतात आणि त्या दराने हिशेब एका वेगळ्या नोंदवहीत लिहून ठेवतात. उमेदवाराने दाखवलेला खर्च या वहीशी ताडून पाहिला जातो. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची मर्यादा आहे, विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची.

आणि राजकीय पक्षाला? पक्षाने आपल्या सर्वसाधारण प्रचारावर किती खर्च करावा याला मर्यादाच नाही.

वडापाव मोजणारा आणि त्याच वेळी कोट्यवधींकडे पाठ फिरवणारा हा कायदा एका दिवसात असा झालेला नाही. त्याला मोठा इतिहास आहे, आणि त्यातले सर्वांत महत्त्वाचे सोळा दिवस १९७४च्या ऑक्टोबरमधले आहेत.

मर्यादा आहे, राखणदार कोण?

१९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात खर्चाची मर्यादा पहिल्यापासून आहे. पहिल्या निवडणुकीत लोकसभेसाठी ती बहुतेक राज्यांत २५ हजार रुपये होती. कल्पना साधी होती: खिसा रिकामा असलेल्या माणसालाही निवडणूक लढवता यावी. मर्यादा ओलांडणं हे ‘भ्रष्ट आचरण’, आणि ते सिद्ध झालं तर निवडणूक रद्द.

पण सिद्ध करायचं कुणी? कायद्याने हे काम मुख्यतः हरलेल्या उमेदवारावर आणि मतदारांवर सोडलं. आजही निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो आणि ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते. विजयी उमेदवाराने शेवटच्या दिवशी हिशेब दिला, तर आव्हान देणाऱ्याच्या हातात उरतात पंधरा दिवस. तेवढ्यात कागद मिळवा, साक्षीदार शोधा, वकील गाठा.

दुसरी अडचण शब्दांत होती. उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने ‘केलेला किंवा अधिकृत केलेला’ खर्च मोजायचा, असं कलम ७७ म्हणत होतं. मग पक्षाने परस्पर केला तर? उमेदवाराने तो अधिकृत केल्याचा पुरावा नसेल तर तो मोजायचा नाही, असं न्यायालयं सांगत आली होती.

दिल्ली सदर, १९७१

१९७१च्या लोकसभा निवडणुकीत दिल्ली सदर मतदारसंघात काँग्रेसचे अमरनाथ चावला निवडून आले. जनसंघाचे कंवरलाल गुप्ता हरले आणि न्यायालयात गेले. मर्यादा होती १० हजार रुपये. चावलांनी दाखवलेल्या हिशेबात सभांचा खरा खर्च आलेलाच नाही, असं गुप्तांचं म्हणणं होतं. मांडव, लाउडस्पीकर, खुर्च्या यांचे पैसे दिले कुणी, यावर सगळा वाद.

३ ऑक्टोबर १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चावलांची निवड रद्द केली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी एक सोपा प्रश्न विचारला होता. पक्ष माझ्यासाठी खर्च करतोय हे मला माहीत आहे, मी त्याचा फायदा घेतोय आणि ‘थांबा’ असं म्हणत नाही. मग तो खर्च मी अधिकृत केला नाही, असं कसं म्हणता येईल? पक्षाचा पैसा मोजायचाच नाही असं ठरलं तर मर्यादेला अर्थ उरत नाही. शिवाय निवडणुकीआधी मोठी देणगी देणारा निवडणुकीनंतर काहीतरी मागायला येणारच, हेही त्यांनी स्पष्टपणे मांडलं.

१९ ऑक्टोबरला राष्ट्रपतींच्या सहीने अध्यादेश निघाला. कलम ७७ला एक स्पष्टीकरण जोडलं गेलं: पक्षाने, संस्थेने, मित्राने किंवा आणखी कुणीही उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराचा मानला जाणार नाही. तेही पूर्वलक्षी प्रभावाने. निकालापासून अध्यादेशापर्यंत दिवस लागले सोळा. डिसेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. तेव्हाचे कायदामंत्री ह. रा. गोखले मुंबईतून निवडून आलेले, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. १९७१ला लढलेल्या उमेदवारांनी जुना अर्थ धरून खर्च केला होता. खेळ संपल्यावर नियम बदलला तर त्यांच्यावर अन्याय, असं सरकार म्हणत होतं. पण मग सवलत जुन्या प्रकरणांपुरती देता आली असती. सरकारने दार कायमचं उघडं ठेवलं. त्याच काळात अलाहाबाद उच्च न्यायालयात इंदिरा गांधींविरुद्ध राजनारायण यांची याचिका चालू होती आणि तिच्यात ३५ हजारांच्या मर्यादेपेक्षा जास्त खर्चाचाही आरोप होता, हे विसरून चालणार नाही. १२ जून १९७५च्या प्रसिद्ध निकालात त्यांची निवड रद्द झाली ती दुसऱ्या कारणांवरून. खर्चाचा मुद्दा त्यांच्या बाजूनेच लागला.

हे स्पष्टीकरण १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलं. सरन्यायाधीश होते यशवंत चंद्रचूड. हे नाव पुढे लागणार आहे. २००३मध्ये संसदेने ही पळवाट अरुंद केली. आता उमेदवाराच्या खर्चातून सुटतो तो प्रामुख्याने ‘स्टार प्रचारकां’चा प्रवास. पण पक्षाच्या एकूण खर्चावर मर्यादा तेव्हाही आली नाही.

पैसा येतो कुठून

खर्चाची ही बाजू झाली. जमेची गोष्ट मुंबईत सुरू होते. १९५७मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. एका भागधारकाने विरोध केला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मो. क. छागला यांच्यापुढे आलं. कायद्यात मनाई नसल्याने त्यांना बदल रोखता आला नाही. पण कंपन्यांचा पैसा लोकशाहीचा गळा घोटू शकतो, संसदेने याकडे लक्ष द्यावं, असा इशारा त्यांनी निकालातच देऊन ठेवला.

१९६०मध्ये संसदेने कंपन्यांच्या देणगीवर मर्यादा घातली आणि ती नफा-तोटा पत्रकात दाखवणं सक्तीचं केलं. १९६९मध्ये देणगीवर पूर्ण बंदी आली. पक्षांना सरकारी निधी मात्र दिला नाही. पैशाची गरज तशीच राहिली आणि वाट तेवढी अंधारी झाली. पक्षांच्या स्मरणिका निघू लागल्या आणि कंपन्या त्यांत पानंच्या पानं जाहिराती देऊ लागल्या. १९८५मध्ये बंदी उठली, पण सोळा वर्षांत रोखीची सवय मुरली होती.

५,३७९ रुपये

महाराष्ट्राने या सगळ्याचं फळ २००९मध्ये पाहिलं. विधानसभा निवडणुकीच्या काळात तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारी पानं अनेक दैनिकांत ‘बातमी’ म्हणून छापून आली. काही मजकूर तर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत शब्दशः सारखा. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे उघड केलं. चव्हाणांच्या हिशेबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. पराभूत प्रतिस्पर्धी आयोगाकडे गेले. हिशेब खरा आहे का हे तपासायचा अधिकार आयोगाला आहे का, यावरच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मे २०१४मध्ये ‘आहे’ असं उत्तर मिळालं. जुलैमध्ये आयोगाने हिशेब नियमाप्रमाणे नसल्याचं ठरवलं आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. तोवर विधानसभेची पाच वर्षं संपत आली होती.

मधल्या काळात, २०१३मध्ये, गोपीनाथ मुंडे मुंबईतल्या एका जाहीर कार्यक्रमात म्हणून गेले की २००९च्या लोकसभेला आपले आठ कोटी खर्च झाले. मर्यादा होती २५ लाख. आयोगाची नोटीस आली, त्यांनी खुलासा दिला, प्रकरण अपात्रतेपर्यंत गेलं नाही. सभागृहातल्या कुणाला धक्का बसला असेल असं वाटत नाही.

दोन याद्या

आता २०१७. अर्थसंकल्पात निवडणूक रोख्यांची घोषणा झाली. स्टेट बँकेतून रोखा घ्या, पक्षाला द्या, नाव गुप्त. सोबत कंपन्यांच्या देणगीवरची साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढली आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे सांगायची सक्तीही. हे बदल वित्त विधेयकातून आले, म्हणजे राज्यसभेला ते रोखता येणार नव्हते. १९७४चा अध्यादेश आणि २०१७चं वित्त विधेयक यांत सरकारं वेगळी आहेत, पद्धत ओळखीची आहे.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. सरन्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव.

पुढचे पाच आठवडे मी सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने पाहत होतो. बँक म्हणाली, खरेदीची माहिती एकीकडे आणि वटवल्याची दुसरीकडे आहे, लिफाफे मुंबईच्या मुख्य शाखेत आहेत. २२,२१७ रोखे, म्हणजे ४४,४३४ नोंदी. जुळवायला ३० जूनपर्यंत वेळ द्या. निवडणूक तोवर उरकलेली असती. कोर्टाने नकार दिला. मग दोन याद्या आल्या, पण सुट्ट्या. कुणी घेतला हे एका यादीत, कुणी वटवला हे दुसरीत. दोन याद्या जोडायला दोन्हींत सारखा असलेला एक रकाना लागतो, आणि नेमका तोच दिलेला नव्हता.

तो रकाना मात्र कागदावर होता. प्रत्येक रोख्यावर अतिनील प्रकाशात दिसणारा क्रमांक आहे, हे एका पत्रकाराने २०१८मध्येच प्रयोगशाळेतून तपासून दाखवलं होतं. कोर्टाने पुन्हा दटावल्यावर २१ मार्चला क्रमांक जाहीर झाले. ज्याला महिने लागणार होते, ती जुळवणी पत्रकारांनी काही तासांत केली. कुठल्या कंपनीने कुणाला किती दिले आणि तिच्यावर छापा कधी पडला किंवा तिला कंत्राट कधी मिळालं, या तारखा शेजारी शेजारी ठेवता आल्या. नुसत्या शेजारच्या तारखांनी गुन्हा सिद्ध होत नाही. पण प्रश्न विचारता येतो, आणि आधी तोही विचारता येत नव्हता.

सत्तर वर्षांत मर्यादेचा आकडा २५ हजारांवरून ९५ लाखांवर गेला. प्रत्येक वेळी चर्चा होते ती आकड्याची. सत्तेवर बसलेल्यांना आकड्याची भीती कधी वाटलेली दिसत नाही. घाई झाली ती पैसा माणसाशी जोडला गेला तेव्हा. १९७४मध्ये न्यायालयाने पक्षाचा खर्च उमेदवाराच्या नावाशी जोडला, तर सोळा दिवसांत ती जोडणी तोडली गेली. २०१७मध्ये ती आधीच तोडून ठेवली.

अजूनही २० हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव पक्षाला जाहीर करावं लागत नाही. पक्षांचे देणगी अहवाल वर्ष संपल्यावर येतात, मत देऊन झाल्यावर कितीतरी महिन्यांनी. आपण फोनवरून पाच रुपये पाठवले तरी त्याची नोंद त्याच क्षणी होते, क्रमांकासकट. पक्षांच्या पैशाला तेवढंच लागू करायला नवं तंत्रज्ञान लागणार नाही. लागेल तो मतदानाआधीची तारीख लिहिलेला कायदा, आणि तो सोळा दिवसांत बदलला जात नाही ना, यावर लक्ष ठेवणारे लोक.