दुसरा तंबोरा

ज्याच्या घरी एक चांगला तंबोरा आहे, ज्याचे वय साठीच्या पलीकडे गेले आहे, आणि ज्याच्या गळ्याकडून आता मैफलीची नव्हे तर केवळ सकाळच्या रियाजाची अपेक्षा उरली आहे, अशा गृहस्थाने दुसरा तंबोरा विकत घ्यावा काय, हा प्रश्न वरकरणी खासगी व क्षुल्लक दिसत असला तरी वस्तुतः तो तसा नाही, असे मला दीर्घ विचारांती वाटू लागले आहे. माझा स्वतःचाच हा प्रश्न आहे. घरातील मंडळी म्हणतात की आहे तो तंबोरा उभा करायलाच जागा पुरत नाही. व्यवहारी मित्र म्हणतात की उतारवयात माणसाने वस्तू कमी करीत जावे, वाढवू नयेत. आणि हे दोन्ही आक्षेप आपापल्या जागी योग्यच आहेत. परंतु वस्तू घ्यावी की न घ्यावी याचा निर्णय केवळ घेणाऱ्याच्या वयावरून होत नाही. ती वस्तू कोणत्या हुन्नरातून, कोणत्या परंपरेतून आपल्यापर्यंत येते, हेही त्या निर्णयात विचारात घ्यावे लागते. आणि तंबोऱ्याच्या बाबतीत हा विचार करू गेले असता महाराष्ट्रात तरी पाऊल आपोआप मिरजेकडे वळते.

कृष्णेच्या खोऱ्यातील मिरज हे मुळात लष्करी ठाणे. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत, 1761 साली, तेथील किल्ला गोविंद हरी पटवर्धनांच्या हवाली झाला आणि मराठी राज्याच्या दक्षिण सरहद्दीचा बंदोबस्त पाहणाऱ्या पटवर्धनी फौजेचे ते एक प्रमुख ठिकाण बनले. जेथे फौज तेथे तिला लागणारे कारागीर आलेच: लोहार, सुतार, जिनगर, आणि तलवारी, भाले, जंबिये यांना धार व झिलई देणारे शिकलगार. पुढे 1818 मध्ये पेशवाई बुडाली, 1820 मध्ये मिरज जहागिरीच्या वाटण्या झाल्या, संस्थानांच्या फौजांना शोभेपलीकडे काही काम उरले नाही, आणि 1878 च्या हत्यारबंदीच्या कायद्याने तर उरल्यासुरल्या शस्त्रांवरही सरकारी परवान्याची मोहोर बसली. ज्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या पोलादाची पारख होती ते हात या काळात रिकामे होत गेले.

मिरजेच्या वाद्यकलेचा आरंभ या रिकामपणातून झाला. परंपरा अशी सांगते की एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पटवर्धनांच्या दरबारी उत्तरेकडून येणाऱ्या गवयांची व वादकांची वाद्ये प्रवासात नादुरुस्त होत आणि ती दुरुस्त करणारा मनुष्य या मुलखात मिळत नसे. तेव्हा हे काम शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांकडे सोपविण्यात आले, आणि दुसऱ्याचे वाद्य दुरुस्त करता करता त्यांनी नवे वाद्य घडविण्याची विद्या साध्य केली. त्यांच्या वंशजांनी व आप्तांनी पुढे सतारमेकर असेच नाव धारण केले आणि जेथे ही दुकाने ओळीने वसली ती गल्लीही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. या आरंभात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हा धंदा विक्रीतून नव्हे, दुरुस्तीतून जन्मला. जो कारागीर प्रथम मोडलेले वाद्य उघडतो त्याला ते का वाजत होते आणि का वाजेनासे झाले, हे दोन्ही समजून घ्यावे लागते. आणि असे समजून घेण्याची सवय एकदा लागली की ती विद्या पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

या विद्येला मिरजेत जे गुणग्राहक भेटले तेही सामान्य नव्हते. ग्वाल्हेरच्या गायकीचे अध्वर्यू पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथे वास्तव्यास होते. कुरुंदवाडचा एक मुलगा, शोभेच्या दारूने डोळ्यांना इजा झाल्यामुळे ज्याचे शालेय शिक्षण खुंटले होते, मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने बुवांच्या हाती सोपविण्यात आला. तोच पुढे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर या नावाने हिंदुस्थानभर विख्यात झाला. 1896 साली मिरज सोडून निघालेल्या विष्णुबुवांनी 5 मे 1901 रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली, आणि त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी ठिकठिकाणी काढलेल्या संगीत विद्यालयांचा एक परिणाम असा झाला की जो तंबोरा पूर्वी दरबारात, देवळात किंवा गवयाच्या बिऱ्हाडीच आढळावयाचा, तो कारकून, शिक्षक व वकील यांच्या घरांतून दिसू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरज हे रेल्वेचे जंक्शन झाले होतेच. त्यामुळे भोपळ्यासारखी नाजूक वस्तूही गवताच्या वेष्टनात बांधून दूरदूरच्या शहरी रवाना करणे शक्य झाले.

याच मिरजेत किराणा घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी आपले उत्तरायुष्य व्यतीत केले. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म 1905 साली येथेच झाला, आणि 1937 मध्ये खाँसाहेब निवर्तल्यानंतर त्यांचे दफनही येथील ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारातच झाले. तेथे उरुसाच्या वेळी गवई मंडळी आजही त्यांच्या स्मरणार्थ हजेरी लावतात. स्वरांच्या सूक्ष्मतेविषयी खाँसाहेबांचा आग्रह प्रसिद्ध आहे. तंबोरा पुरता जुळला म्हणजे खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडताही, गांधार आपोआप उमटू लागतो, आणि किराणा गायकीचा सारा डौल त्या स्वयंभू गांधारावर उभा आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. असा कान ज्या गावात वस्तीला आहे त्या गावच्या कारागिराला ओबडधोबड काम करून निभावता येत नाही. गवयाने कारागीर घडविला आणि कारागिराने गवयाचा स्वर सांभाळला.

आता प्रत्यक्ष वाद्याकडे वळू. तंबोऱ्याचा भोपळा हा खाण्याचा नव्हे. तो कडू जातीचा, जाड सालीचा असतो आणि पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस, भीमेच्या परिसरात, मुद्दाम त्याची लागवड होते. वेलावर पूर्ण जून झालेला भोपळा उतरवून महिनोन्‌महिने वाळविला जातो. आकार, घेर आणि सालीची जाडी पाहून कारागीर तो निवडतो. मग तो पाण्यात भिजवून मऊ करावयाचा, कापावयाचा, आतील गर साफ करावयाचा आणि तोंड आक्रसू नये म्हणून आतून काठ्यांचा आधार देऊन पुन्हा वाळवावयाचा. दांडी, गळा व तबली यांकरिता तून नावाच्या झाडाचे लाकूड वापरतात. ते हलके, टिकाऊ आणि नादाला अनुकूल असते, परंतु पुरते मुरलेले नसेल तर पुढे तडे जाऊन साऱ्या श्रमाचे मातेरे होते. म्हणून खरा कारागीर आज लागणारे लाकूड आज विकत घेत नाही. ते त्याने कित्येक वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेले असते.

परंतु या सर्व कृतींचा मुकुटमणी म्हणजे जवारी. ज्या घोडीवरून चार तारा जातात ती हाडाची अथवा लाकडाची असून तिची वरची बाजू सपाट नसते. तिला इतका सूक्ष्म उतार दिलेला असतो की डोळ्यांना तो जवळजवळ दिसतच नाही. कारागीर जमिनीवर मांडी घालून बसतो, तंबोरा पुढ्यात आडवा घेतो, तारा सैल करून बाजूला सारतो, कानशीचे दोन-चार हलके हात घोडीवर फिरवितो, तार परत जागी आणून ताणतो, छेडतो, ऐकतो, आणि पुन्हा सैल करतो. मान एका बाजूस कललेली, नजर घोडीवर नव्हे तर कुठेतरी शून्यात, कारण या वेळी सारे काम कान करीत असतो. एक हात जास्त पडला तर आवाज कर्कश होतो, एक कमी पडला तर बंद राहतो. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा घालून तो केसभर मागेपुढे सरकविला की एका विशिष्ट जागी नाद एकदम उघडतो. या धाग्याला जीवा म्हणतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली तंबोरा व वीणा यांचा अभ्यास करून दाखवून दिले की या पसरट घोडीमुळे, आणि तंबोऱ्यात त्या धाग्यामुळे, तारेच्या कंपनातून असे उपस्वर निर्माण होतात की जे तारांविषयीच्या पाश्चात्त्य नियमाप्रमाणे त्यांच्या स्थिर बिंदूवर तार छेडली असता ऐकूच येऊ नयेत. शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत जे सिद्ध केले ते आमचे निरक्षर कारागीर कानशीने साध्य करीत आले होते, ही गोष्ट त्या कारागिरांना यथोचित मान देण्यास पुरेशी आहे.

येथे मूळ प्रश्नाकडे येता येते. तंबोरा विकला म्हणजे आपला संबंध संपला, असे मिरजेच्या दस्तुरात कधी मानले गेले नाही. वाजवून वाजवून तारांच्या रेषा घोडीवर पडतात आणि जवारी बसते. ती पुन्हा काढावी लागते. हवेच्या फरकाने दांडी वाकते, खुंट्या सैल होतात, प्रवासात भोपळ्याला चीर जाते; ही सारी दुखणी घेऊन वाद्य पुन्हा आपल्या जन्मस्थानी येते. तेव्हा ज्याला दुसरा तंबोरा घ्यावासा वाटतो त्याने प्रथम पहिल्याची विचारपूस केली पाहिजे. पुष्कळदा जुन्या वाद्याचा आवाज गेला म्हणून नवे घ्यावेसे वाटते, आणि आवाज मात्र गेलेला नसतो. केवळ जवारी बसलेली असते. दुरुस्तीतून जन्मलेल्या धंद्याची ही पहिली शिकवण आहे.

दुसरी गोष्ट जोडीची. आपल्याकडे गवई एकट्या तंबोऱ्यावर क्वचितच गातो. त्याच्या मागे दोन बाजूंना दोन तंबोरे असतात, आणि कारागीरही पुष्कळदा एकाच घेराचे भोपळे व एकाच लाकडाच्या दांड्या निवडून जोडीनेच ते घडवितो. एका तंबोऱ्याचा नाद जेथे किंचित ओसरतो तेथे दुसऱ्याचा उठतो आणि मध्ये रिकामी जागा राहत नाही. परंतु जोडीचा अर्थ एवढाच नाही. मागे बसून तंबोरा धरणारा हा बहुधा शिष्य असतो. गुरूच्या पाठीशी बसून, तार छेडीत, गाणे ऐकत तो जे शिकतो ते समोर बसून मिळालेल्या तालमीत येत नाही. म्हणजे दुसरा तंबोरा हा मुळातच दुसऱ्या माणसाकरिता आहे. ज्याच्या घरी एकच तंबोरा आहे तो एकटा रियाज करतो. ज्याच्या घरी दोन आहेत त्याच्याकडे कोणीतरी शिकावयास येऊन बसू शकते.

वयाचा आक्षेप मला या बिंदूवर येऊन निष्प्रभ होताना दिसतो. नवे वाद्य लगेच पूर्ण बोलत नाही, ते हाताखाली वर्षानुवर्षे वाजले म्हणजे त्याचा आवाज पिकतो, असे जाणकार सांगतात. त्या हिशेबाने उतारवयात घेतलेल्या तंबोऱ्याचा परिपक्व नाद घेणाऱ्याच्या कानी पडेलच असे नाही. परंतु या साऱ्या व्यवहारात आपल्या श्रमाचे फळ आपणच चाखावे, असे म्हणणारा एक तरी मनुष्य आहे काय? भीमेकाठी भोपळ्याचे बी पेरणारा शेतकरी मैफलीला येत नाही. लाकूड मुरत ठेवणारा बाप पुष्कळदा ते मुलासाठी ठेवतो. गुरूचा तंबोरा शिष्याकडे आणि त्याच्याकडून त्याच्या शिष्याकडे जातो. जो शेवटच्या क्षणापर्यंत आपल्या उपयोगापुरतेच घेईन म्हणतो, तो या साखळीत घेणाराच राहतो, देणारा कधी होत नाही.

आणि आजची परिस्थिती तर या विचाराला अधिकच बळ देते. 1979 च्या सुमारास बंगळूरात विजेवर चालणारा तंबोरा तयार झाला, पुढे तोच नाद भ्रमणध्वनीत आला, आणि ज्या विद्यार्थ्याला लाकडी तंबोरा परवडत नाही किंवा लहान घरात ठेवता येत नाही त्याची त्याने मोठीच सोय केली. या सोयीला मी नावे ठेवणार नाही. परंतु जे वाद्य स्वतःच जुळलेले येते ते कानाला जुळविणे शिकवीत नाही. आणि नव्या मागण्या घटल्या की कारागिराची मुले दुसऱ्या उद्योगाकडे वळतात, ही त्याची दुसरी बाजूही नाकारता येत नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हे उचितच झाले. तथापि सरकारी सनदेने नावाचे रक्षण होते, हुन्नराचे रक्षण गिऱ्हाइकाच्या मागणीनेच होते. जवारी काढणारा कान पुस्तकातून पुढच्या पिढीकडे जात नाही. तो बापाच्या शेजारी बसून, समोर काम असेल तरच, तयार होतो.

म्हणून माझा निर्णय असा झाला आहे की जुना तंबोरा मिरजेस नेऊन त्याची जवारी काढून घ्यावी, आणि त्याच बैठकीत, त्याच्या आवाजाला जुळेल असा दुसरा सांगावा. माझ्याप्रमाणे ज्यांच्यापुढे हा प्रश्न आहे त्यांनाही मी हेच सांगेन: ऐपत असेल तर अवश्य घ्या, कर्ज काढून घेऊ नका, दुकानातील तयार नगावर बोट ठेवून न घेता कारागिरासमोर बसून, आपल्या स्वराला लावून घ्या, आणि घरी आणल्यावर गवसणी घालून कोपऱ्यात उभा करण्यासाठी नव्हे, तर आपल्या शेजारी बसून शिकणाऱ्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती देण्यासाठी घ्या. असे कोणी आपल्याजवळ नसेल, तर आधी ते शोधा. तंबोऱ्याची मागणी त्यानंतर नोंदवा.