माडगे

माडगे (बोलीभाषेत माडगं) हा हुलग्याचे पीठ आणि गूळ यांपासून तयार होणारा, गरम असतानाच पिण्याचा गोड व पातळ पदार्थ आहे. महाराष्ट्राच्या देशावरील कोरडवाहू भागात, विशेषतः अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), सोलापूर आणि पुणे या जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात तो परिचित आहे. हुलग्यालाच कोकणात कुळीथ म्हणतात.

पार्श्वभूमी

अकोले तालुक्याचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग वगळता अहिल्यानगर जिल्ह्याचा बहुतांश प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. हलक्या, मुरमाड जमिनीत आणि थोड्या पावसावर तग धरणारे हुलगा हे पीक म्हणूनच येथील शेतकऱ्यास आधाराचे ठरले. इतर पिके हातची गेली तरी हुलगा काही ना काही पदरात टाकतो. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६८) सीना व माण हे हुलग्याचे वाण विकसित केले आहेत.

साहित्य

चार जणांसाठी साधारणपणे पुढील प्रमाण घेतात:

हुलग्याचे पीठ – अर्धी वाटी
चिरलेला गूळ – अर्धी ते पाऊण वाटी
पाणी – चार ते पाच वाट्या
सुंठपूड – पाव चमचा
मीठ – चिमूटभर
तूप किंवा दूध – आवडीनुसार

कृती

हुलगे निवडून, खडे काढून मंद आचेवर खमंग भाजतात. भाजण्यामुळे त्यांचा उग्र वास जातो, तसेच प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणाऱ्या घटकांचे प्रमाण घटते. थंड झालेले हुलगे जात्यावर भरडून पाखडतात आणि टरफले काढून त्यांचे बारीक पीठ दळतात. हे पीठ कोरड्या डब्यात साठवून ठेवता येते.

पातेल्यात पाणी, गूळ आणि मीठ घालून उकळी आणतात. पीठ वेगळ्या भांड्यात थंड पाण्यात कालवून घेतात; कोरडे पीठ थेट आधणात टाकल्यास गुठळ्या होतात. कालवलेले पीठ उकळत्या पाण्यात धार धरून ओततात व सतत ढवळतात. आठ-दहा मिनिटांत मिश्रण दाटसर होते आणि पिठाचा कच्चा वास नाहीसा होतो. शेवटी सुंठपूड घालतात. गुळामुळे गरम दूध फाटण्याचा संभव असल्याने दूध घालावयाचे झाल्यास माडगे खाली उतरवून किंचित निवल्यावर घालतात. माडगे निवताना आणखी घट्ट होते. म्हणून ते चुलीवर असताना थोडे पातळच ठेवतात.

आहारातील स्थान

शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. त्याशिवाय लोह आणि कॅल्शियमही मिळते. आयुर्वेदात कुलत्थ हे उष्ण व कफ-वातनाशक मानले आहे. त्यानुसार हिवाळ्यात, पावसाळी गारठ्यात आणि सर्दी-खोकल्यात माडगे पिण्याची प्रथा आहे. उष्ण मानले गेल्यामुळेच गरोदरपणात ते टाळण्याकडे कल असतो. या समजुती पारंपरिक असून माडगे हा औषधोपचाराला पर्याय नाही. मधुमेह असलेल्यांनी गुळाचे प्रमाण विचारात घेणे आवश्यक असते.

हुलगा हे गरिबाचे व जनावरांच्या खुराकाचे धान्य समजले गेल्याने माडग्यालाही सणावाराच्या पक्वान्नांचा मान मिळाला नाही. सिंचन वाढलेल्या भागात ऊस व इतर नगदी पिके आली आणि चहा घरोघरी पोहोचला, तसे रोजच्या आहारातील त्याचे स्थान आक्रसले.

तत्सम पदार्थ

कोकणातील कुळथाची पिठी याच पिठाची असते. मात्र ती लसूण व आमसूल घालून केलेली तिखट-आंबट असते आणि भाताबरोबर खातात. गोव्यातील मणगणे हे हरभऱ्याची डाळ, नारळाचा रस व गूळ यांचे गोड पक्वान्न आहे. चीनमध्ये लाल अझुकी किंवा हिरवे मूग पाण्यात मऊ शिजवून साखर घातलेले गोड सूप घरोघरी करतात. त्यांपैकी मुगाचे सूप उन्हाळ्यात थंडावा देणारे मानले जाते. चिनी सुपात बहुधा अख्खे दाणे शिजवतात, तर माडग्यात भाजलेल्या कडधान्याचे पीठ वापरतात, हा या दोहोंतील प्रमुख फरक होय.