एका बाळंतिणीचा खटला

भगिनींनो, बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्या आयाआज्या म्हणत. आज बाळंतपणे बहुधा दवाखान्यातच होतात आणि त्यामुळे कितीतरी माता व बालके वाचली आहेत, हे आधी कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु दवाखान्यातही चूक होऊ शकते. तशी ती झाल्यास दाद कशी मागावी, याचा एक मोठा धडा आपल्या शेजारीच घडला. जळगावहून अजिंठ्याची वाट धरली किंवा धुळ्याहून कन्नडचा घाट चढला की जे शहर लागते, त्या तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात.

१० जुलै १९६३ रोजी चंद्रिकाबाई खोडवा तेथील सरकारी प्रसूतिगृहात दाखल झाल्या. बाळंतपण पार पडले. पुढे मूल नको म्हणून १३ तारखेला त्यांच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया साधीच, पण लगोलग ताप चढला, पोटात कळा सुरू झाल्या. पती अच्युतराव यांनी धावाधाव केली. १९ तारखेला दुसऱ्या सर्जननी जखम उघडून पाहिली, तो आत पहिल्या वेळचा टॉवेल राहिलेला आणि पू साठलेला! २४ जुलैला चंद्रिकाबाई वारल्या.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. अच्युतराव चढले. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये भरपाई ठरवली. उच्च न्यायालयात तो निकाल फिरला. अखेर २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ निकाल कायम केला. पोटात टॉवेल राहणे हीच निष्काळजीपणाची साक्ष आहे. तो कोणत्या हाताने राहिला हे शोधण्याचे ओझे कुटुंबावर नाही. आणि रुग्णालय सरकारी असले तरी शासनाला जबाबदारी झटकता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. मात्र रीतसर उपचार करणारा डॉक्टर केवळ गुण आला नाही म्हणून दोषी ठरत नाही, हेही त्याच निकालात आहे. १९६३ साली जन्मलेले मूल बत्तीस वर्षांचे व्हावे, इतका काळ या न्यायाला लागला.

पुढची वाट थोडी सोपी झाली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. आता अशी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते. जेथे सर्वांनाच उपचार मोफत, तेथे हा मार्ग नाही. तेथे दिवाणी न्यायालय आहे. डॉक्टरांच्या वर्तनाविषयीची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नेता येते. २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे दिली पाहिजेत. २००८ साली दिल्लीतील एका स्त्रीच्या खटल्यात न्यायालयाने ठरवले, की तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे गर्भाशय काढण्याची संमती नव्हे.

कायदा असूनही विचारणारे माणूस जवळ लागते. जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या, कोरोनाच्या एका वृद्ध महिलेचा मृतदेह आठ दिवसांनी तेथीलच शौचालयात सापडला. अधिष्ठाता निलंबित झाले. साथीच्या त्या दिवसांत घरच्यांना आत प्रवेश नव्हता; म्हणून शोध घेण्याची जबाबदारी रुग्णालयाचीच होती.

तेव्हा भगिनींनो, लेकीसुनेला दवाखान्यात न्याल, तेव्हा बरोबर एक जाणते माणूस असू द्या. अंगठा किंवा सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्या. कोणती शस्त्रक्रिया, कशासाठी, तिला दुसरा उपाय आहे का, हे विचारा. डॉक्टरांना विचारणे म्हणजे त्यांचा अपमान नव्हे. शस्त्रक्रियेनंतर ताप आला, कळा थांबेनात, तर “होईल बरे” म्हणून गप्प बसू नका. केसपेपर, चिठ्ठ्या, तपासणीचे अहवाल आणि पावत्या घरच्या दागिन्यांइतक्याच जपून ठेवा.

चंद्रिकाबाई परत आल्या नाहीत. पण त्यांच्या माणसांनी बत्तीस वर्षे चिकाटी सोडली नाही, म्हणून आज आपल्याला विचारण्याचे बळ आहे. ते वापरणे आपल्याच हाती आहे.